नावडीचा अधिकार

‘आमच्याकडे खाण्याचे फार नखरे आहेत’ हे वाक्य मराठी घरांत तक्रारीच्या सुरात उच्चारले जात असले, तरी त्यात अभिमानाची एक छटा लपलेली असते. थोरल्याला वांगे चालत नाही, धाकटी पालेभाजी दिसताच ताट सरकवते, सासऱ्यांच्या घशाखाली कालची आमटी उतरत नाही, आणि नवऱ्याला तोंडी लावायला काही झणझणीत नसेल तर तो जेवलाच नाही असे समजायचे. सांगणारी बाई हे हसत हसत सांगते. ऐकणाऱ्या बाया माना डोलावतात आणि आपापल्या घरची यादी पुढे करतात. या यादीत एक नाव मात्र कधीच नसते, सांगणारीचे स्वतःचे. तिला काय चालत नाही हे ना ती सांगते, ना तिला कोणी विचारते. आवडीनिवडीच्या घरोघर चालणाऱ्या चर्चेतील हा रिकामा रकाना हाच या विषयाचा खरा आरंभबिंदू होय. ललित वाङ्मयाने, पाकशास्त्राच्या पुस्तकांनी आणि जाहिरातींनी त्याच्यावर मायेचा जो पडदा टाकून ठेवला आहे, तो ओढून काढल्यावाचून पुढचा विचारच संभवत नाही.

हा पडदा ओढण्यासाठी पुण्या-मुंबईचे सुखवस्तू स्वयंपाकघर फारसे उपयोगाचे नाही. तिथे पोळ्यांना बाई असते, शीतकपाटात तीन दिवसांची तरतूद असते, आणि कोणी नाक मुरडले तर फोनवरून दुसरे काही मागवता येते. नखऱ्याची किंमत तिथे पैशांत चुकती होत असल्यामुळे ती डोळ्यांना दिसत नाही. ती दिसते बंगळूरच्या वायव्येला, तुमकूर रस्त्यालगतच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात. १९७० च्या दशकात आकाराला आलेली ही वसाहत दक्षिण आशियातील मोठ्या औद्योगिक वसाहतींपैकी एक गणली जाते. जवळच्या जालहळ्ळीत १९५३ साली हिंदुस्थान मशीन टूल्स आणि १९५४ साली भारत इलेक्ट्रॉनिक्स हे सार्वजनिक उद्योग आले. पुढे पीण्यात लेथ, मिलिंग, ओतकाम, मुलामा देण्याची कामे अशा हजारो लहान कारखान्यांचे जाळे पसरले आणि त्यांच्या शेजारी तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. लेथ-मिलिंगवर प्रामुख्याने पुरुष, शिवणयंत्रावर प्रामुख्याने स्त्रिया, अशी ही वाटणी.

बंगळूरशी मराठीचे नाते जुने आहे. १६३८ नंतर हे शहर शहाजीराजांच्या जहागिरीत आले, आणि त्या काळापासूनची मराठी घराणी इथल्या जुन्या पेठांत आहेत. पीण्यातला मराठी माणूस त्या इतिहासाचा वारसदार नव्हे. तो बेळगाव, खानापूर, निपाणीकडून आयटीआयचे प्रमाणपत्र घेऊन आला, कारण बेळगावच्या फौंड्र्यांत आणि मशीनशॉपांत हात बसलेल्या कारागिराला पीण्यात काम मिळते हे गावाकडे ठाऊक झाले होते. लग्गेरे, हेग्गनहळ्ळी, राजगोपालनगर अशा वस्त्यांत दोन खोल्या भाड्याने घेऊन तो राहिला. पाठोपाठ बायको आली, काही वर्षांनी म्हातारी आई आली, आणि बायको शिवणयंत्रावर लागली.

अशा घरातली एक संध्याकाळ डोळ्यांसमोर आणावी. हे घर कोणा एका कुटुंबाचे नाही. त्याच्यासारखी घरे या वस्त्यांतल्या गल्लीगल्लीत आहेत. साडेपाचला कारखाना सुटतो. दिवसभर तासातासाला मोजलेल्या नगांचा हिशेब देऊन ती बाहेर पडते. वाटेत सोप्पूची एक जुडी, पाव किलो टोमॅटो आणि दुधाची पिशवी. घरी येऊन तिने पदर खोचेपर्यंत सात वाजतात. सासूबाई खानापूरच्या, त्यांना रात्री भाकरीच हवी, आणि तीही तव्यावरून थेट ताटात. नवऱ्याला रस्सा तिखट हवा. सांबार हे त्याच्या मते पाण्याला दिलेले नाव आहे. चौदा वर्षांचा मुलगा कन्नड मुलांत वाढलेला. त्याला पांढरा भात आणि सारू पाहिजे, भाकरीकडे तो बघत नाही. पाच वर्षांची मुलगी दहीभाताखेरीज काही खात नाही, आणि दहीभातात कढीपत्त्याचे एक पान आले तरी तोंड मिटते. दोन शेगड्यांवर चार माणसांचे चार स्वयंपाक नऊपर्यंत रांधले जातात. सगळे उठल्यावर ती बसते. तिच्या ताटात तुटलेली भाकरी, सारवाच्या तळची डाळ आणि मुलीने उष्टा टाकलेला भात असतो. तिची आवड कोणती, हे या ताटावरून कोणी शोधून काढावे!

चार स्वयंपाक म्हणजे चारपट भांडी, आणि चारपट भांडी म्हणजे पाणी. पीण्याच्या भूजलात मुलामा देणाऱ्या कारखान्यांमुळे क्रोमियम उतरल्याचे सर्वज्ञात आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशभरातील औद्योगिक क्षेत्रांची जी पाहणी केली, तिच्यात पीण्याचे नाव गंभीर प्रदूषणाच्या यादीत होते. पिण्याचे पाणी इथे कॅनने विकत येते. २०२४ च्या उन्हाळ्यात सारे बंगळूर पाण्यासाठी टँकरमागे धावत होते, तेव्हाही ‘मला हे नको’ या वाक्याने वाढणारी एक कढई आणि दोन पातेली घासावीच लागली. आहारावर लिहिणारे जीवनसत्त्वे मोजतात. या बादलीचा हिशेब त्यांच्या कोष्टकांत सापडत नाही.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. माणसाची रुची हा त्याच्या स्वत्वाचा भाग आहे. गरिबाला रुची नसावी, त्याने ताटात पडेल ते गिळावे, ही भाषा तुरुंगाची आणि दुष्काळी छावणीची आहे. पीण्यातला कामगार दिवसभर यंत्राच्या तालावर उभा असतो. कधी बसायचे, कधी पाणी प्यायचे, किती मिनिटांत नग उतरवायचा, यांपैकी काहीही त्याच्या हातात नाही. रात्रीच्या ताटासमोर बसल्यावर ‘हे नको’ म्हणण्याची त्याची सत्ता हीच त्याच्या दिवसातील एकमेव सत्ता असेल, तर ती त्याच्याकडून काढून घेण्याचा अधिकार कोणाला आहे?

आक्षेपाचा पूर्वार्ध पूर्णतः मान्य करावा लागेल. उत्तरार्धात मात्र एक लबाडी आहे. दिवसभर यंत्राच्या तालावर राबणारे त्या घरात एकच माणूस नाही, दोन आहेत. शिवणयंत्रावरच्या बाईचा ताल लेथवरच्या पुरुषापेक्षा सैल असतो असे कोणत्याही सुपरवायझरने आजवर म्हटलेले नाही. मग दिवसभराच्या गुलामीची भरपाई रात्री एकालाच का मिळावी, आणि ती दुसऱ्याच्या तिसऱ्या पाळीतून का वसूल व्हावी? ज्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, त्याला मराठीत चैन असा सरळ शब्द आहे. शिवाय हाच पुरुष दुपारी कारखान्याच्या दारातल्या गाडीवर उभ्याने चित्रान्न खातो, इंदिरा कँटीनच्या रांगेत उभा राहून दहा रुपयांत मिळेल तो भात आणि मिळेल ते सांबार घेतो, आणि तिथे त्याच्या घशाला कसलीच अडचण येत नाही. बंगळूरमध्ये १६ ऑगस्ट २०१७ रोजी ही कँटीने सुरू झाली. त्यांच्या खिडकीतून तक्रार करून ताट परत सारणारा माणूस विरळा. नावड जिभेत असती तर ती खिडकीशीही गेली असती; ती उंबरठ्याच्या आतच जागी होते, कारण तिला ऐकून घेणारे माणूस तिथेच असते.

पीण्याच्या या स्त्रिया मुळातच मुक्या आहेत, असे मात्र कोणी समजू नये. २०१६ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने भविष्यनिर्वाह निधीतील मालकाच्या वाट्याची रक्कम वयाच्या ५८ व्या वर्षापर्यंत काढता येऊ नये असा नियम केला. १८ आणि १९ एप्रिल २०१६ या दोन दिवशी बंगळूरच्या कपडे कारखान्यांतील हजारो स्त्रिया कोणा मोठ्या संघटनेच्या हाकेची वाट न पाहता रस्त्यावर आल्या. शहराचे हमरस्ते त्यांनी अडवले, लाठ्या खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशी सरकारने तो नियम मागे घेतला. ज्या हातांनी दिल्लीला दोन दिवसांत माघार घ्यायला लावली, त्याच हातांना त्या रात्री घरी जाऊन सासूची भाकरी वेगळी आणि मुलाचा भात वेगळा करावाच लागला असणार. सरकारपेक्षा ताट बलवान ठरते, याचे कारण शोधायला हवे.

त्या कारणाचा एक धागा मराठी वाङ्मयातच आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० साली आले. कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ १९७० साली. या दोन पुस्तकांनी मराठी स्त्रीवर उपकार केले हे नाकारण्याचे कारण नाही. ओगल्यांनी तर वाटी-चमच्याचे प्रमाण देऊन सासूच्या ‘अंदाजा’च्या दहशतीतून नव्या सुनेची सुटका केली, ही लहान क्रांती नव्हती. परंतु या परंपरेतील सगळी वाक्ये एकाच दिशेने वाहतात: रांधणारीने खाणाऱ्याला प्रसन्न करावे. पदार्थ बिघडला तर काय करावे हे शेकडो पानांवर सांगितले गेले. खाणारा बिघडला तर काय करावे याला एक ओळही मिळाली नाही. कथा-कादंबऱ्यांतली आई तर याहून पुढे गेली. प्रत्येकाची आवड लक्षात ठेवून निराळा घास करणारी आणि स्वतः पाणी पिऊन निजणारी ती माउली इतक्या वेळा रंगवली गेली, की तिचे उपाशी निजणे हा सद्‌गुण ठरला आणि तिला उपाशी निजवणारे निर्दोष सुटले. जिला दिलासा हवा होता तिला मखर मिळाले.

आणि तरीही मराठीत दुसरा सूर होता. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिताना पुरुषांच्या दोषांची झाडाझडती घेतली, तेव्हा घरातल्या बारीकसारीक सत्तेकडेही त्यांची नजर गेली होती. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन आहे. घरात येणारा जिन्नस धुऊन घेण्याच्या त्या हट्टापायी घरादाराचे झालेले हाल त्या विनोदाने सांगतात, आणि वाचक हसतो. हसून झाल्यावर कोणीतरी विचारायला हवे होते, की ते धुणे कोणाच्या हातून होत होते. एका माणसाची चोखंदळ वृत्ती धर्माचे नाव घेते तेव्हा ती सोवळे होते, आवडीचे नाव घेते तेव्हा नखरा होते. घागरी वाहणारे हात दोन्ही वेळा तेच राहतात.

नावडीचा संबंध सत्तेशी किती जवळचा आहे, हे कर्नाटकातील शाळांच्या माध्यान्ह भोजनाने उघड करून दाखवले. बंगळूरमध्येच २००० साली कामाला लागलेल्या अक्षयपात्र संस्थेने कांदा-लसूण न घालता शिजवलेले अन्न लक्षावधी मुलांना पुरवले. मुलांना कांदा-लसूण आवडतो की नाही हा प्रश्न वादाच्या बऱ्याच उशिराच्या टप्प्यावर आला. २०२१ च्या डिसेंबरात उत्तरेकडील काही जिल्ह्यांत मुलांना अंडी देण्यास आरंभ झाला तेव्हा काही मठाधीशांनी विरोध केला. ज्यांना अंडे खायचेच नव्हते त्यांची नावड ज्यांना ते हवे होते त्यांच्या ताटापर्यंत पोचली. पोट कोणाचे आहे यापेक्षा ‘नको’ कोणाच्या तोंडून आले याला वजन असते, ही रीत स्वयंपाकघरात जशी चालते तशीच धोरणात चालली.

मुलांच्या बाबतीत थोडे थांबावे लागेल, कारण येथे अन्यायाचा आरोप उलट्या दिशेनेही होऊ शकतो. दोन ते सहा या वयात मुले अपरिचित अन्नाला बिचकतात हे बालमानसशास्त्राला पुरते परिचित आहे. पाच वर्षांची मुलगी कढीपत्ता पाहून तोंड मिटते तेव्हा ती सत्ता गाजवत नसते. तिच्या घशात घास कोंबणे ही हिंसा आहे, आणि जुन्या मराठी घरांत ती शिस्त या नावाखाली पुष्कळ झाली. १९२८ च्या सुमारास क्लारा डेव्हिस या अमेरिकी डॉक्टरबाईंनी दूध तोडलेल्या बालकांपुढे साधे, न मसाललेले तीसेक पदार्थ ठेवून त्यांना हवे ते खाऊ दिले. मुले उत्तम वाढली. या प्रयोगाचा दाखला ‘मुलांना आवडेल तेच द्या’ म्हणणारे देतात. डेव्हिस यांनी स्वतः मात्र खरी मेख पदार्थांच्या यादीत असल्याचे सांगून ठेवले आहे: यादी मोठ्यांनी ठरवली होती, निवड मुलांची होती. पुढे लीअन बर्च यांच्या अभ्यासांतून दिसले, की नाकारलेला पदार्थ जबरदस्ती न करता आठ-दहा वेळा किंवा त्याहून अधिक समोर आला तर मूल तो बहुधा स्वीकारते. प्रत्येक नकाराबरोबर दुसरा पदार्थ हजर करणारी आई या ओळखीची वाटच बुजवून टाकते. आणि ज्यांची नावड खरोखर व्याधीच्या पातळीवर जाते, वजन घटते, वाढ खुंटते, त्यांच्यासाठी अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली स्वतंत्र निदानही मान्य केले आहे. अशा मुलाला डॉक्टर हवा. पण चाळिशीतल्या पुरुषाच्या सांबाराच्या तिटकाऱ्याला या निदानाचा आडोसा देता येणार नाही; त्याची वाढ केव्हाच पूर्ण झालेली आहे.

सासूबाईंची भाकरी हा याहून नाजूक भाग आहे. खानापूरच्या डोंगराळ पट्ट्यात नाचणी हे जुने अन्न. नाचणीची भाकरी आणि अंबील यांवर सासूबाईंचे बालपण गेले असणार. पीण्याच्या आसपास जिथे तिथे मिळणारा रागी मुद्दे म्हणजे तीच नाचणी, उकळत्या पाण्यात हाटून केलेला गोळा. धान्य एक, माती जवळपास एक, फरक तव्याचा आणि पातेल्याचा. तरीही मुद्दे पाहून सासूबाई म्हणतात, ‘हे आपलं नव्हे.’ मुद्दे अर्ध्या तासात चौघांना पुरतो, भाकरी एकेक थापावी लागते. हिवाळ्यात बंगळूर अवरेकाळूने भरून जाते. भिजवलेल्या दाण्याचे साल बोटांच्या चिमटीने एकेक काढून हितकिद बेळे करतात. कोकणातल्या वालाच्या बिरड्याची तऱ्हा हीच. कानडी आणि मराठी बायकांच्या बोटांनी शतकानुशतके एकच काम केले, आणि ताटावर बसलेल्यांनी मात्र ‘त्यांचे’ आणि ‘आपले’ असे दोन भाग केले.

‘आपले’ या शब्दाने प्रश्न भाषेच्या आवारात शिरतो. परमुलखातील मराठीपणाची काळजी वाहणारे लोक सभांतून भाषेविषयी बोलतात, परंतु ते मराठीपण प्रत्यक्षात टिकवण्याचे काम कोणावर टाकलेले असते, तर रात्री साडेआठला पीठ मळणाऱ्या त्या बाईवर. मुलगा भाकरी नाकारतो तेव्हा घरात कुजबुज होते, की हा आता कानडीच झाला. आणि दोष येतो आईच्या हाताला, तिने सवय लावली नाही म्हणून. मुलाशी मराठीत गोष्टी बोलायला, त्याला मराठी वाचायला शिकवायला बापाला वेळ मिळत नाही. सबंध संस्कृतीचे ओझे एका परातीत घालून ठेवायचे आणि परात कोणी उचलायची हे न विचारता ठरवून टाकायचे, अशी ही रीत आहे. (मुलगा सारू-भात आवडीने खातो यात मराठीचे काय बुडते, हेही एकदा कोणीतरी सांगावे. तंजावरच्या मराठ्यांनी सांबाराला जन्म दिला ही आख्यायिका खरी मानणारे लोक तरी या मुलाला घरभेदी म्हणणार नाहीत.)

बाजाराने या संकटाचा वास फार लवकर घेतला. बंगळूरच्याच मावळ्ळी टिफिन रूम्सने आणीबाणीच्या काळात तयार मिश्रणे विकण्याचा धंदा आरंभला. आज पीण्यातल्या कोणत्याही किराणा दुकानात इडलीचे वाटलेले पीठ, अर्धवट भाजलेल्या चपात्या, झटपट शेवया हाताशी असतात. ही साधने बाईची सोय करतात यात शंका नाही, आणि त्यांना नाके मुरडणारे बहुधा स्वतः पीठ वाटणारे नसतात. परंतु त्यांच्यामुळे नावडीला धार आली, कारण चौथा स्वयंपाक आता दहा मिनिटांत होतो, म्हणून तो मागणे रास्त ठरले. यंत्राने वाचवलेला वेळ बाईच्या पदरात न पडता खाणाऱ्याच्या मागणीत मुरला. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे बिनमोल घरकामात घालवताना आढळल्या, आणि घरकामाला हात लावणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रियांची १० मिनिटे वाचली, आणि पुरुषांनीही आपली ९ वाचवून घेतली.

उपाय नाहीत असे नाही. ते मराठी माणसाने स्वतःच करून पाहिलेले आहेत, फक्त त्यांना उपाय म्हणून ओळखले नाही. गिरणगावातली खाणावळवाली बाई एका खोलीत पंधरा-वीस गिरणी कामगारांचा दोन वेळचा स्वयंपाक करी. कोकणातला, घाटावरचा, तिखट खाणारा, आंबट खाणारा, सगळे एका पंगतीत एकच आमटी जेवत. हे लोक जन्मतः समजूतदार नव्हते. ते महिन्याला पैसे देत, आणि पैसे दिले की श्रम दिसू लागतात. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी याच बायकांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि सावकाराच्या जागी बँकेचे कर्ज त्यांच्या हाती आणून दिले. स्वयंपाक हे श्रम आहेत, त्यांना हिशेब आहे, पत आहे, हे तिथे सिद्ध झाले. गंमत अशी, की खाणावळीत निमूट जेवणारा तोच गिरणी कामगार गावी बायकोच्या हातचे जेवताना पुन्हा मिठाची तक्रार करी.

कारखान्याच्या जेवणाचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यात उपाहारगृहाची सक्ती करण्याची तरतूद केली होती. २०२० च्या संहितेने ही मर्यादा १०० वर आणली. पीण्याचा मोठा भाग ज्या लघुकारखान्यांनी बनलेला आहे, तिथे वीस-तीस माणसे असतात. ते दोन्ही मर्यादांच्या खाली राहतात. याचा अर्थ असा, की कायद्याने मालकावर न टाकलेला दुपारचा डबा आपोआप घरातल्या ओट्यावर येऊन पडतो. रात्रीच्या चार स्वयंपाकांना पहाटेचे दोन डबे जोडले जातात, आणि डब्यातही आवड सांभाळायची असते. पाच-पंचवीस लघुकारखान्यांनी मिळून एक भटारखाना चालवावा ही कल्पना पीण्यासारख्या दाट वसाहतीत अशक्य म्हणता येणार नाही. लेथ, भट्टी, मुलाम्याची टाकी हे सगळे इथले लोक एकमेकांत वाटून वापरतात. वाटून घेण्याची बुद्धी पातेल्यापाशी येऊनच का थांबावी?

घरातली वाटणी याहून सोपी आहे, म्हणूनच अवघड. ज्याला नको असेल त्याने ताटातले बाजूला सारावे, हा त्याचा अधिकार अबाधित आहे. दुसरे हवे असेल तर उठून करावे, ही त्याची किंमत. नवऱ्याने लसणीचा ठेचा स्वतः खलबत्त्यात कुटून घेतला तर त्याच्या तिखटाला कोणाचीच हरकत नाही. चौदा वर्षांच्या मुलाला कुकर लावता येतो. मोबाइलमधील त्याची गती पाहता तांदूळ-पाण्याचे प्रमाण त्याच्या आवाक्याबाहेरचे नसावे. सासूबाईंचे गुडघे धरलेले आहेत, हात नव्हेत. बसल्या जागी त्या अजूनही सुनेपेक्षा पातळ भाकरी थापतात, आणि शेगडी खाली आणून ठेवली तर कदाचित आनंदाने थापतील. यांपैकी एकही गोष्ट शास्त्रीय शोधाची वाट पाहत नाही. वाट अडते ती एका वाक्याशी: ‘तिला आवडतं करायला.’ हे वाक्य घरातले सगळे म्हणतात, पाहुणे म्हणतात, आणि पुरेशा वर्षांनी तीही म्हणू लागते. आवडते की नाही हे तपासण्याची एकच कसोटी आहे. एक आठवडा तिने केले नाही तरी चालेल असे सांगून पाहावे. ही कसोटी फारशी कोणी घेतलेली नाही.

रात्री साडेदहाला राजगोपालनगरातील त्या घरात सगळे निजलेले असतात. ओटा पुसून झाला आहे. ती अवरेकाळू पाण्यात टाकते, कारण मुलाने उद्या हितकिद बेळ्याचे सारू मागितले आहे. सासूबाईंसाठी मूठभर दाणे सोलायचे बाजूला ठेवते, त्यांना ते बिरड्यासारखे लागतील म्हणून. दिवा मालवता मालवता तिला आठवते, की लहानपणी तिलाही एक भाजी मुळीच आवडत नसे. कोणती, ते काही केल्या आठवत नाही.